घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय?

‘दिवसभर राबलाय बिचारा, बघ कसा घोरतोय’ असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. प्रत्यक्षात घोरणं ही घशातली वाट अरुंद झाल्याची खूण आहे. झोपेत स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली लोंबते आणि उरलेल्या फटीतून हवा जाताना ते सगळं थरथरतं. पुष्कळांचं प्रकरण आवाजावरच थांबतं. काहींच्या बाबतीत मात्र ती फटही मिटते आणि घोरणं एकदम बंद पडतं. घरातल्यांना हायसं वाटतं ते नेमकं याच क्षणी.

श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला की त्याला ‘ॲप्निया’ म्हणतात आणि झोपेत असं वारंवार होणं म्हणजे ‘स्लीप ॲप्निया’ हा आजार. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, घसा उघडतो आणि दचकल्यासारखा मोठा आवाज करून श्वास पुन्हा सुरू होतो. हे जागं होणं इतकं ओझरतं असतं की सकाळी त्यातलं काही आठवत नाही. श्वास पूर्ण अडण्याचे आणि बराच कमी होण्याचे प्रसंग मिळून तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, ३० किंवा जास्त असतील तर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर. असा माणूस दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, सिग्नलला, टीव्हीसमोर डुलक्या काढतो आणि वर अभिमानाने सांगतो, ‘मला तर पडल्या पडल्या झोप लागते!’

म्हणजे या आजाराचा साक्षीदार रुग्ण नसतो, शेजारी झोपणारं माणूस असतं. डॉक्टरकडे जाताना त्यांना सोबत न्यावं, निदान मोबाइलवर रेकॉर्डिंग तरी न्यावं. बायकांची इथेही पंचाईत होते. त्यांची तक्रार अनेकदा घोरण्याची नसते. थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप अशी असते. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यात हा आजार वाढतो. पण साक्ष द्यायची ज्यांनी, ते यजमान स्वतःच घोरत असतात.

रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागलं की आपण शुगर किंवा प्रोस्टेटवर संशय घेतो. कारण ॲप्नियाही असू शकतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब घटतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि ते एक संप्रेरक सोडतात. मूत्रपिंडाला त्यातून निरोप जातो : पाणी बाहेर टाक. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी हटत नसेल तर तेव्हाही झोपेची चौकशी व्हायला हवी. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव घेतलं होतं.

निदानासाठी ‘स्लीप स्टडी’ करतात. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना वायरी. नाकाशी नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. इतकं बांधून झोप कशी लागणार, असं वाटतं. पण ती लागते. सकाळी पडद्यावर दिसतं ते असं : हवेची रेघ सपाट झालेली, छाती-पोटाच्या रेघा मात्र जोरजोरात हलतायत. ऑक्सिजनची रेघ काही सेकंद उशिरा कोसळते, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो.

१९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, श्वास घशाला वगळून थेट आत जावा म्हणून गळ्याला, श्वासनलिकेत भोक पाडणं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी वेगळा विचार केला. घसा आतून मिटतो ना? मग हवेच्याच दाबाने तो उघडा ठेवू. व्हॅक्यूम क्लीनरसारखा पंखा, नळी आणि नाकावर मास्क एवढ्यावर त्यांनी रुग्णांना झोपवलं आणि १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापला. आजची ‘सी-पॅप’ मशीन त्याचीच वंशज. लागणारा दाब अनेकदा १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. ही मशीन ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा ढकलते.

दिवसाची झोपाळू अवस्था तिने झपाट्याने सुधारते, बीपी थोडं उतरतं. पण विक्रेते सांगतात तसा हार्ट अटॅक टळतोच, असं सिद्ध झालेलं नाही. २०१६ मध्ये आलेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. अर्थात त्यातले लोक मास्क रात्री सरासरी साडेतीन तासही लावत नव्हते. खरी मेख तिथेच आहे. मास्क टोचतो, हवा गळते, नाक कोरडं पडतं आणि मशीन कपाटात जाते. आधी भाड्याने घेऊन, दोन-तीन मास्क लावून बघणं शहाणपणाचं. सौम्य आजारात कुशीवर झोपणं किंवा खालचा जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टी पुरते. वजन घटवल्याने पुष्कळांना फरक पडतो, पण बारीक माणसालाही आखूड जबड्यामुळे हा आजार होतो. रात्रीचा ‘पेग’ घशाचे स्नायू आणखी ढिले करतो. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेणंही इथे धोक्याचं.

आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी गुडघ्याचं असलं तरी, भूलतज्ज्ञांना घोरण्याबद्दल आधीच सांगा. भुलीची आणि वेदनाशामक औषधं हाच घसा सैल करतात. मशीन असेल तर ती दवाखान्याच्या बॅगेत कपड्यांआधी भरा.