ब्रोलिओ येथील रिकासोली वायनरी

इटलीतील तस्कनी प्रांतात, सिएना जिल्ह्यातील गायोले इन किआंती या गावाजवळ ब्रोलिओचा किल्ला आहे. त्याच्या भोवती रिकासोली या सरदार घराण्याचे द्राक्षमळे व वायनरी आहे. एकूण जमीन सुमारे 1,200 हेक्टर असून द्राक्षलागवड सुमारे 240 हेक्टरवर आहे. उरलेल्या जमिनीत बहुतांशी रान व ऑलिव्हच्या बागा आहेत.

इटलीतील सर्वांत जुनी वायनरी हा ब्रोलिओचा लौकिक 1141 या वर्षावर आधारलेला आहे. फ्लॉरेन्सच्या बादिया मठाशी झालेल्या अदलाबदलीत त्या वर्षी किल्ला घराण्याकडे आला, असे मानले जाते. मात्र त्यावरून सिद्ध होतो तो जमिनीचा ताबा. ॲमस्टरडॅम व इंग्लंडकडे वाइन पाठविल्याच्या नोंदी सतराव्या शतकातील आहेत, म्हणून ताबा आणि व्यापार यांचा काळ वेगळा धरणे अधिक सयुक्तिक ठरते. 1478 मध्ये आरागॉनी व सिएनी फौजांनी किल्ला घेतला. पुढे फ्लॉरेन्सने तो पुन्हा बांधला.

घराण्यातील सर्वांत महत्त्वाचे नाव ‘पोलादी बॅरन’ बेत्तीनो रिकासोली (1809–1880) यांचे. इटलीचे पहिले पंतप्रधान काव्हूर यांच्या निधनानंतर 1861 मध्ये ते पंतप्रधान झाले. अनेक वर्षे प्रयोग करून 1872 मध्ये त्यांनी पीसा येथील प्राध्यापक चेझारे स्तुद्याती यांना किआंती (या भागाची, त्याच नावाने ओळखली जाणारी लाल वाइन) कशी करावी याचे निष्कर्ष पत्राने कळविले: सुगंध आणि जोम सांजोवेझे या वाणातून येतो, कानायोलो त्याचा कठोरपणा मऊ करतो, माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष वाइन हलकी व रोजच्या जेवणाजोगी करते, पण मुरवायच्या वाइनमध्ये ते वगळता येईल. या पत्राचा हवाला देऊन ‘70-20-10 टक्के’ असे सूत्र अनेक ठिकाणी दिलेले आढळते. पत्रात टक्केवारी नाही. हे आकडे नंतरच्या लेखनातून रूढ झाले असावेत.

पत्रातील सल्ला आणि ठरावीक सूत्र यांतील हा फरक किरकोळ नाही. 1967 च्या किआंती नियमावलीने पांढरी द्राक्षे 10 ते 30 टक्के सक्तीची केली आणि त्यांत भरघोस पिकणाऱ्या, पण फिक्या चवीच्या त्रेब्ब्यानोलाही जागा दिली. परिणामी वाइनचा रंग उतरला आणि ती फार टिकेना. किआंती क्लासिकोत (किआंतीच्या मूळ पट्ट्यातील वाइनमध्ये) 2006 पासून पांढऱ्या द्राक्षांना मज्जाव आहे. तेथे सांजोवेझे किमान 80 टक्के लागते. (हे वाण सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरातही लावले जाते.)

किआंतीची जुनी ‘गोव्हेर्नो’ पद्धतही येथे नोंदली पाहिजे. तोडणीच्या वेळी काही घड बाजूला काढून चटयांवर सुकवीत. नोव्हेंबरच्या सुमारास ते चिरडत आणि रस आंबू लागला की तयार वाइनमध्ये ओतत. नव्या साखरेमुळे मंदावलेले किण्वन पुन्हा चालू होई. तीव्र आम्लता कमी होऊन वाइन मऊ व किंचित बुडबुडेदार बने आणि वसंतात विक्रीस निघे. घड दमट जागी ठेवले तर बुरशी धरे. साखर पुरती न आटल्यास उन्हाळ्याच्या उबेत पिंपात पुन्हा किण्वन सुरू होई आणि हवा शिरली की वाइन शिरक्याकडे झुके. दीर्घकाळ मुरवायच्या वाइनला ही पद्धत मानवत नाही.

1970 च्या दशकात व्यवसाय व नाममुद्रा घराण्याबाहेर गेली, जमीन मात्र घराण्याकडेच राहिली. 1993 मध्ये फ्रांचेस्को रिकासोली यांनी व्यवसाय परत मिळवून जुन्या मळ्यांची टप्प्याटप्प्याने नवी लागवड केली. ‘कास्तेल्लो दी ब्रोलिओ’ ही त्यांची प्रमुख वाइन 1997 च्या हंगामापासून निघते.