बॉल हवेत वळवणारा कँडी कमिंग्ज

विल्यम आर्थर कमिंग्ज, अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू, सगळे त्याला कँडी म्हणायचे. वजन जेमतेम 55 किलो, म्हणजे अगदीच काडीपैलवान. 1863 च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये मित्रांसोबत शिंपले फेकताना ते हवेत मस्त वळतात हे त्याने बघितलं आणि या पोराच्या डोक्यात आलं की बॉल असा वळवला तर काय धमाल येईल! मग चार वर्षं नुसती खटपट, आणि 1867 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या टीमविरुद्ध त्याचा बॉल खरंच वळला, बॅटवाले हवेतच बॅट फिरवत बसले.

गंमत म्हणजे शिंपला वळतो तो त्याच्या खोलगट आकारामुळे. गोल बॉलला ती सोय कुठली, तो वळतो फिरकीमुळे. फिरणारा बॉल अंगालगतची हवा सोबत ओढतो, मग एका बाजूला हवा जास्त वेळ चिकटून राहते, दुसऱ्या बाजूला लवकर सुटते, मागची हवा एकीकडे फेकली जाते आणि बॉल दुसरीकडे ढकलला जातो. याला म्हणतात मॅग्नस इफेक्ट. आपल्या लेगस्पिनरचा बॉल टप्प्याआधीच हवेत सरकतो तो यामुळेच (फास्ट बोलरचा स्विंग हे वेगळं प्रकरण, तो विषय परत कधीतरी).

आणि खरी मेख पुढेच आहे. अर्धं अंतर जाईपर्यंत एकूण वळणाचा फक्त पाव भाग झालेला असतो, बाकीचं पाऊण वळण शेवटच्या अर्ध्यात, त्यामुळे बॅटवाल्याला वाटतं की बॉल ऐनवेळी वळला. त्यात तेव्हा पिचर (बेसबॉलमधला बॉल टाकणारा) फक्त 45 फुटांवर, हात खालून फिरवायचा नियम, म्हणजे फिरकी सगळी मनगटातून काढायची!

कमिंग्जची प्रोफेशनल कारकीर्द 1872 ते 1877, एवढीच. 1876 ला हार्टफर्ड टीमकडून 16 विजय, 8 पराभव, 9 सप्टेंबरला तर एकाच दिवशी दोन्ही मॅच त्यानेच जिंकून दिल्या, पण पुढच्याच वर्षी सिनसिनाटीत 5 विजय आणि 14 पराभव. तोपर्यंत कर्व, म्हणजे हा वळणारा बॉल, बाकीचेही टाकायला लागले होते. नंतर गडी रंग आणि वॉलपेपरचं दुकान चालवत होता, 1924 ला गेला.

कर्व पहिला कोणी टाकला यावर भांडणं खूप झाली, फ्रेड गोल्डस्मिथ नावाचा दुसरा पिचरही हक्क सांगायचा. तरी 1939 ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) मान मिळाला तो कमिंग्जलाच. आणि दोनच वर्षांनी लाइफ मासिकाने फोटो काढून शंका घेतली की हा बॉल वळतो तरी का, की नुसता भास! शेवटी 1959 मध्ये लायमन ब्रिग्ज नावाच्या ऐंशी पार केलेल्या शास्त्रज्ञाने विंड टनेलमध्ये मोजमाप करून दाखवलं, मिनिटाला 1800 फेऱ्या मारणारा बॉल साधारण 44 सेंटिमीटर वळतो.