नऊ जणांत अठ्ठावीस टक्के : डेट्रॉईटच्या तेराव्या मतदारसंघाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली. रिंगणात नऊ जण होते. श्री ठाणेदार यांना शंभरातली जेमतेम अठ्ठावीस मते पडली आणि तेवढ्यावर ते पहिले आले. मुख्य निवडणूक अजून तीन महिने लांब होती, पण तिच्या निकालाची उत्सुकता फारशी कुणाला उरली नव्हती. डेट्रॉईटमध्ये डेमोक्रॅट हरत नाही. नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांना ७१ टक्के मते मिळाली.

आता ४ ऑगस्ट २०२६ ची प्रायमरी त्याच जागेसाठी आहे. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, मराठीत आत्मचरित्र लिहिलेला माणूस तिथला खासदार आहे, म्हणून आपल्याकडे या बातमीकडे ‘आपला माणूस’ एवढ्याच नजरेने पाहिले जाते. पण त्या जागेची गोष्ट त्यांच्यापेक्षा बरीच जुनी आहे, आणि ती समजल्याशिवाय अठ्ठावीस टक्क्यांचे कोडे सुटत नाही.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते. आपल्याकडे उमेदवार ठरतो तो एबी फॉर्म कुणाच्या हाती पडला यावर. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत दोघे-तिघे देव पाण्यात घालून बसतात. एकाला फॉर्म मिळतो, दुसरा बंडखोरी करतो, तिसऱ्याला महामंडळाचे आश्वासन मिळते. अमेरिकेत पक्षाध्यक्षाच्या खिशात असा फॉर्मच नसतो. पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदार ठरवतात. तेही सरकारी यंत्रणेने, सरकारी खर्चाने घेतलेल्या निवडणुकीत. त्यात हरलेल्याला मिशिगनमध्ये त्याच जागेवर अपक्ष म्हणून उभे राहता येत नाही. बंडखोरीचे दारच बंद.

पूर्वी तिथेही पक्षाची अधिवेशने भरत आणि तिकिटे पुढारी वाटत. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट यांना १८९६ आणि १८९८ अशी दोनदा अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाची गव्हर्नरपदाची उमेदवारी नाकारली गेली. १९०० मध्ये ते गव्हर्नर झाले आणि त्यांनी ही तिकीटवाटपाची पद्धतच मोडीत काढायला घेतली. १९०३ चा प्रायमरीचा कायदा, १९०४ मध्ये त्यावर जनमताचा कौल, आणि १९०६ पासून अंमल. पुढच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली.

दक्षिणेत मात्र याच प्रायमरीचा वेगळा उपयोग झाला. तिथे डेमोक्रॅटिक पक्षच सर्वेसर्वा होता. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिच्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांनी मत द्यायचे, असा नियम टेक्सासमध्ये होता. मुख्य निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मत देता आले तरी त्याला काही अर्थ उरत नसे, कारण निकाल आधीच लागलेला असायचा. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ याविरुद्ध कोर्टात गेले आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. जी प्रायमरी जिंकली की सगळे जिंकले, तिथून बाहेर ठेवणे म्हणजे लोकशाहीतूनच बाहेर ठेवणे, हे तेव्हा कागदावर आले.

जाता जाता एक आठवण. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींनी सुमारे पंधरा मतदारसंघांत ‘प्रायमरी’चा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. वर्ध्यातून सागर मेघे निवडले गेले, लातुरातून दत्तात्रय बनसोडे. दोघेही पुढे भाजपकडून हरले. वडोदऱ्यात प्रायमरीतून आलेल्या नरेंद्र रावत यांनी नंतर मधुसूदन मिस्त्रींसाठी जागा सोडली. मत द्यायला होते फक्त पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते, त्यामुळे नाव अमेरिकेचे असले तरी गाभा आपलाच राहिला.

मिशिगनमध्ये तसे नाही. तिथे मतदार नोंदणीत पक्ष लिहितच नाहीत, त्यामुळे कुणीही मतदार कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. कागदी मतपत्रिकेवर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन असे दोन रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. नावाशेजारचा लंबगोल पेनाने काळा करायचा. अट एकच: एकदा धरलेला रकाना सोडायचा नाही. एक ठिपका इकडे आणि एक तिकडे पडला, तर पक्षीय भागातली सगळी मते बाद. मतदान केंद्रावर मशीन अशी मतपत्रिका परत बाहेर ढकलते, मग दुसरी मागून घेता येते. टपालाने पाठवणाऱ्याला ही सोय नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, तिथे दुसरी फेरी नाही. जॉर्जियासारख्या राज्यात कुणालाच निम्म्यापेक्षा जास्त मते पडली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. मिशिगनमध्ये ज्याला सर्वांत जास्त तो जिंकला, मग ती मते शंभरात अठ्ठावीस का असेनात. तेराव्या मतदारसंघाच्या इतिहासातली बरीचशी नाट्ये याच एका नियमातून घडली आहेत.

या जागेचा वारसा चार्ल्स डिग्ज यांच्यापासून सुरू होतो. दक्षिणेतला जाच टाळून आणि मोटार कारखान्यांतल्या कामाच्या ओढीने लाखो कृष्णवर्णीय उत्तरेत आले, त्यातले कितीतरी डेट्रॉईटमध्ये स्थिरावले. डिग्जचे वडील मिसिसिपीचे. डेट्रॉईटमध्ये त्यांनी अंत्यसंस्कारांचा मोठा व्यवसाय उभारला आणि पुढे राज्याच्या सिनेटमध्ये गेले. मुलाने १९५४ च्या प्रायमरीत विद्यमान खासदार जॉर्ज ओब्रायन यांना हरवले आणि जानेवारी १९५५ मध्ये ते मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय खासदार म्हणून वॉशिंग्टनला गेले. त्याच वर्षी एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला ऐकायला ते मिसिसिपीत जाऊन कोर्टात बसले होते. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाचे पहिले अध्यक्षही तेच.

त्यांचा शेवट मात्र वाईट झाला. कार्यालयातल्या नोकरांच्या पगारातून पैसे काढल्याप्रकरणी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये ते दोषी ठरले, आणि पुढच्याच महिन्यात मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले! १९८० मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या मागून जॉर्ज क्रॉकेट आले, १९९१ मध्ये बार्बरा-रोज कॉलिन्स. नैतिकतेच्या चौकशीत अडकलेल्या कॉलिन्स १९९६ च्या प्रायमरीत कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक यांच्याकडून हरल्या.

किलपॅट्रिकबाईंची २००८ आणि २०१० ही दोन वर्षे शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. त्यांचा मुलगा क्वामे डेट्रॉईटचा महापौर होता आणि त्याच्या भानगडींनी शहर हादरले होते. मुलाचा राग आईवर निघणार हे उघड होते. २००८ च्या प्रायमरीत तिघी उभ्या होत्या. किलपॅट्रिकना ३९ टक्के, मेरी वॉटर्स यांना ३६ आणि मार्था स्कॉट यांना २४ टक्के मते. दर दहातल्या सहा मतदारांनी खासदारबाई नकोत म्हटले, तरी त्या वाचल्या, कारण नको म्हणणारे दोन जागी वाटले गेले. २०१० मध्ये उमेदवार जास्त होते, पण विरोधातली मते हॅन्सन क्लार्क यांच्याभोवती गोळा झाली आणि ४७ विरुद्ध ४१ अशा फरकाने त्या पडल्या.

२०१२ मध्ये सीमा बदलल्या आणि तेरावा क्रमांक जॉन कॉन्यर्स यांच्याकडे आला. ते १९६५ पासून काँग्रेसमध्ये होते. माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराने जगभर माहीत झालेल्या रोझा पार्क्स यांनी त्यांच्याच डेट्रॉईटच्या कार्यालयात वीसहून अधिक वर्षे नोकरी केली. अशा माणसाचा अर्ज २०१४ मध्ये बाद झाला. कारण सह्या.

या सह्यांचे प्रकरण नीट समजून घ्यायला हवे. प्रायमरीत नाव छापून यायला मतदारसंघातल्या किमान एक हजार नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. क्लिपबोर्डला अर्ज लावून माणसे दुकानांबाहेर, चर्चबाहेर, जत्रेत उभी राहतात. नाव, पत्ता, तारीख, सही. अक्षर लागत नाही, पत्ता हद्दीबाहेरचा निघतो, तीच व्यक्ती दोनदा सही करते. मग प्रतिस्पर्धी एकेक ओळ तपासून हरकत घेतात. कॉन्यर्स यांच्या बाबतीत सह्या गोळा करणारे काही जण स्वतःच नोंदणीकृत मतदार नव्हते. शेवटी केंद्रीय न्यायालयाने त्यांचे नाव मतपत्रिकेवर परत आणले आणि ते जिंकले. आपल्याकडे छाननीच्या दिवशी शपथपत्रातल्या चुकांवरून जी धावपळ होते, तिचेच हे भावंड.

लैंगिक छळाच्या आरोपांनंतर कॉन्यर्स यांनी डिसेंबर २०१७ मध्ये पद सोडले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये एक अजब प्रसंग घडला. ७ ऑगस्ट २०१८ या एकाच दिवशी, एकाच मतदारसंघात, दोन प्रायमरी. एक उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी, दुसरी पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. पहिलीत चार उमेदवार होते, ती ब्रेंडा जोन्स यांनी जिंकली. दुसरीत तेच चार आणि आणखी दोघे, त्यात माजी महापौर कोलमन यंग यांचे चिरंजीव. ती रशिदा तलेब यांनी हजाराच्या आतल्या मतांनी जिंकली. मतदार तेच, दिवस तोच, फक्त दोन नावे वाढली आणि निकाल फिरला. जोन्स पाच-सहा आठवड्यांच्या खासदार झाल्या, तलेब आजही काँग्रेसमध्ये आहेत.

ठाणेदारही त्याच दिवशी मतपत्रिकेवर होते, पण गव्हर्नरपदासाठी. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., १९७९ मध्ये अमेरिका, अ‍ॅक्रन विद्यापीठाची डॉक्टरेट, सेंट लुईसमध्ये नोकरी, मग रसायन-चाचणीची छोटी कंपनी विकत घेऊन ती वाढवणे. नंतरचा मोठा विस्तार अंगाशी आला आणि २०१० मध्ये बँकेने व्यवसाय ताब्यात घेतला. मिशिगनमध्ये येऊन पुन्हा शून्यातून कंपनी उभारली आणि विकली. तो पैसा राजकारणात आला. २०१८ च्या शर्यतीत स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतून ते तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर पहिल्या, अब्दुल एल-सईद दुसरे. पराभव स्पष्ट होता, पण नाव घराघरात पोचले. मग त्यांनी मुक्काम डेट्रॉईटला हलवला आणि २०२० मध्ये तिथून राज्याच्या विधानसभेत गेले.

२०२२ उजाडेपर्यंत नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाने मतदारसंघांचे नकाशे नव्याने आखले होते. तलेब शेजारच्या बाराव्यात गेल्या, डेट्रॉईटच्या दुसऱ्या, कृष्णवर्णीय खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली, आणि डेट्रॉईटचा मोठा भाग, हॅमट्रॅमक, हायलँड पार्क आणि डाउनरिव्हर उपनगरे घेतलेली तेराव्याची जागा मोकळी झाली. १९५५ पासून डेट्रॉईटला काँग्रेसमध्ये किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी सतत होता. तो राखायचा तर मते फुटू देऊन चालणार नाही, हे स्थानिक नेत्यांना कळत होते. वेन काउंटीचे (डेट्रॉईट ज्यात येते त्या जिल्ह्याचे) प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने एक समिती बसली आणि तिने राज्य सिनेटर अ‍ॅडम हॉलिअर यांच्या नावावर शिक्का मारला. बाकीच्यांनी ऐकले नाही. इस्रायल-समर्थक गट ‘आयपॅक’शी जोडलेल्या निधीने हॉलिअर यांच्यासाठी चाळीस लाख डॉलरहून अधिक खर्च केला. ठाणेदारांनी स्वतःच्या पैशातून त्याला तोंड दिले. हॉलिअर यांना साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि उरलेली जवळपास निम्मी बाकीच्या सात जणांत वाटली गेली. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांची परंपरा तुटली.

याला कुणी ‘पैशाने जागा विकत घेतली’ म्हणते. ते अर्धेच खरे आहे. २०१८ मध्ये तेच पाकीट उघडले होते आणि हात रिकामे राहिले होते. २०२२ मध्ये पैशाला विरोधकांच्या गर्दीची जोड मिळाली.

२०२४ मध्ये हॉलिअर पुन्हा उतरले आणि सह्यांवर अडकले. ठाणेदारांनी हरकत घेतली, तपासणीत वैध सह्या हजाराच्या खाली भरल्या आणि नाव छापलेच गेले नाही. उरलेल्या लढतीत ठाणेदारांना निम्म्याहून थोडी जास्त मते मिळाली. दुसऱ्या आल्या मेरी वॉटर्स, त्याच, सोळा वर्षांपूर्वी किलपॅट्रिक यांच्याकडून तीन टक्क्यांनी हुकलेल्या. या वेळी त्या तेहतीस-चौतीस टक्क्यांवर थांबल्या.

एप्रिल २०२५ मध्ये दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. डेट्रॉईटचे विधानसभा सदस्य डोनाव्हन मॅकिनी यांनी ठाणेदारांविरुद्ध उमेदवारी जाहीर केली, आणि ठाणेदारांनी अध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमे मांडली. स्वपक्षाच्या नेत्यांनाच ती घाई पसंत नव्हती. मे महिन्यात त्यांनी त्यावर मतदान घ्यायचा आग्रह सोडला. मॅकिनी यांच्या पाठीशी सिनेटर बर्नी सँडर्स आहेत आणि शेजारच्या मतदारसंघातल्या तलेबही. एकाच राज्यातल्या, एकाच पक्षाच्या खासदाराने दुसऱ्याविरुद्ध उघड उभे राहणे तिथेही दुर्मीळच. हॉलिअर यांनीही तिसऱ्यांदा शड्डू ठोकला होता, पण नंतर ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुकांची व्यवस्था पाहणारा अधिकारी) पदाच्या शर्यतीकडे वळले. म्हणजे २०२२ मध्ये आठ जणांत वाटला गेलेला विरोध या वेळी एका नावाजवळ येण्याची शक्यता आहे.