सायटेशन किती, आणि कशासाठी?

पावसाळा सरता सरता गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: अमुक प्राध्यापक जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत. सोबत पासपोर्ट फोटो आणि ताळगाव पठारावरच्या विद्यापीठाचं किंवा दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचं नाव. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी तयार करतात. खरं तर याद्या दोन असतात. एक आख्ख्या कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षातल्या सायटेशनवर बेतलेली. नाव नेमकं कुठल्या यादीत आहे, हे बातमीत क्वचितच सापडतं. अभिनंदन जरूर करावं, पण आधी हे विचारावं.

दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा संदर्भ दिला की तुमचं एक सायटेशन वाढतं. तो संदर्भ कौतुकाचा असो की 'यांचा निष्कर्ष आम्हाला पटत नाही' असं सांगणारा, मोजणी तीच. यावर आधारलेला एच-इंडेक्स 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. समजा, प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या एखाद्या बाईंचे सहा पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे 90, 40, 12, 6, 5 आणि 2 सायटेशन आहेत. निदान पाच सायटेशन असलेले पेपर पाच, पण निदान सहा असलेले सहा नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 5. आता त्या 90च्या जागी 9000 घाला. इंडेक्स 5 तो 5च! एखादाच पण जग हलवणारा शोध या आकड्यात दिसतच नाही. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. निवृत्त माणसाचाही वाढत राहतो.

इम्युनॉलॉजीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात, आणखी गुंते आहेत. एका पेपरवर वीस-तीस नावं सहज असतात. साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. मधल्या नावांपैकी कुणी फक्त नमुने पुरवलेले असतात. सायटेशन मात्र सगळ्यांच्या खात्यावर सारखीच जमा होतात. इतरांच्या कामाचा आढावा घेणारा लेखही मूळ प्रयोगापेक्षा जास्त साइट होतो, कारण पुढच्या माणसाला तो सोयीचा पडतो.

आणि याच विषयात ब्रूस ग्लिक यांची कोंबडी आहे. ओहायोत शिकत असताना ग्लिक कोंबड्यांच्या शेपटीजवळच्या एका छोट्या पिशवीचा, 'बर्सा ऑफ फॅब्रिशियस'चा अभ्यास करत होते. टिमथी चँग या त्यांच्या मित्राला वर्गात अँटिबॉडी कशा तयार होतात ते दाखवायचं होतं, म्हणून त्याने ग्लिक यांच्याकडच्या कोंबड्या मागून नेल्या. साल्मोनेला या जिवाणूचं इंजेक्शन दिलं, पण काहींच्या रक्तात अँटिबॉडी येईनात. त्या नेमक्या बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या निघाल्या. 'सायन्स' या नियतकालिकाने पेपर नाकारला. अखेर 1956 मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. आता कुक्कुटपालनाचं नियतकालिक इम्युनॉलॉजीवाले कशाला चाळतील? 1965 मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी हाच धागा पकडून प्रतिकारशक्तीच्या दोन वेगळ्या शाखा दाखवल्या. अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी-पेशीतला 'बी' त्या बर्साचा. मधल्या वर्षांत ग्लिक यांना आपल्याकडच्या बढतीच्या मुलाखतीला बसवलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर किती? म्हणजे त्यातल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात? हा आकडा नियतकालिकाचा असतो, पेपरचा नव्हे, हे संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या 2012च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने स्पष्ट सांगितलं, तरी तो प्रश्न विचारणं काही सुटलेलं नाही.

जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांचं उदाहरण तर ताजं आहे. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी असतात ही कल्पना जवळपास टाकून दिलेली असताना त्यांनी 1995 मध्ये त्या पेशी ओळखून दाखवल्या. नोबेल मिळालं 2025 मध्ये.

आता आपल्या सत्तरी तालुक्याकडे या. 2015च्या सुमारास इथे माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडला. काजूच्या हंगामात पालापाचोळ्यातून बोंडू गोळा करणाऱ्या कामगारांना धोका जास्त. त्यांच्या रक्ताचे नमुने तपासून लिहिलेला पेपर साइट करणार कोण? रोग पश्चिम घाटापुरता, त्यावर काम करणारे मोजके. अशा माणसाचा एच-इंडेक्स कॅन्सरच्या इम्युनॉलॉजीत असलेल्या समवयस्काच्या शेजारी ठेवणं निव्वळ अन्याय आहे. दोन टक्क्यांच्या यादीत निदान उपविषयानुसार वाटणी असते, पण माकडताप आणि कोविड तिथेही एकाच रांगेत येऊ शकतात.

म्हणून कुणाचे पेपर आणि सायटेशन दाखवणारं गूगल स्कॉलरचं पान उघडलंत, तर वरच्या ठळक आकड्यावर थांबू नका. एखाद्या पेपरच्या सायटेशनच्या आकड्यावर क्लिक केलं की तो कुणी साइट केला त्याची यादी उघडते. त्यात त्याच गटाची नावं पुन्हा पुन्हा दिसतात की परकी, प्रस्तावनेतल्या ओळीत दहा जणांबरोबर उरकलेला उल्लेख आहे की पद्धतच उचलून वापरली आहे, हे दोन-चार पेपर उघडले तरी कळतं. माकडतापाची जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने बंद झाली. नव्या लशीचं काम सुरू आहे, आणि ती आधी कुणाला द्यायची हे ठरवायला काजूच्या बागायतीतल्या त्या नमुन्यांसारखीच माहिती लागणार आहे.