दीर्घ कोविड

दीर्घ कोविड : कोविड-१९ चा संसर्ग ओसरल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या, जाऊन पुन्हा येणाऱ्या किंवा नव्यानेच सुरू होणाऱ्या तक्रारींचे सामायिक नाव. बोलण्यात ‘लाँग कोविड’ किंवा नुसते ‘पोस्ट कोविड’ चालते. तापानंतरचे दुखणे महाराष्ट्राला नवे नाही. चिकनगुन्या जातो, पण सांधे पुढे कित्येक महिने धरलेले राहतात. कोविडच्या या दुखण्याला नाव मात्र रुग्णांनी दिले. इटलीतील पुरातत्त्वज्ञ एलिसा पेरेगो यांनी मे २०२० मध्ये ट्विटरवर स्वतःच्या आजारपणाविषयी लिहिताना हा शब्द वापरला आणि तो रुळला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या त्यानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तीनुसार संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या निदानाने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे दीर्घ कोविड. मूळ आजार गंभीरच असला पाहिजे असे नाही. घरच्या घरी बरे झालेलेही यात सापडतात.

लक्षणांची यादी दोनशेच्या वर जाते. मुख्य तीन : थकवा, दम लागणे आणि डोके न चालणे, म्हणजे बोलता बोलता शब्द न सुचणे, साधा हिशेब चुकणे. इथला थकवा नेहमीच्या दमणुकीसारखा नसतो. रविवारी माळा आवरला तर त्या दिवशी काही जाणवत नाही. सोमवारी-मंगळवारी अंथरुणातून उठवत नाही. ‘जरा चालून ये, बरं वाटेल’ हा घरचा प्रेमळ सल्ला अशा रुग्णाला भोवतो. काहींची नाडी उभे राहताच मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढते. काहींना वास येतो, पण उलटा : फोडणीतला कांदा-लसूण आणि कॉफी सडक्या किंवा जळक्या वाटतात.

एवढे होऊनही एक्स-रे, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतात. निदान पक्के करणारी एकही चाचणी नाही; त्यामुळे ‘मनाचे खेळ’ हा शेरा अनेकांच्या वाट्याला आला, तो अन्यायाचाच. शरीरात उरलेले विषाणूचे अंश, बिथरलेली प्रतिकारशक्ती, सूक्ष्म रक्तगुठळ्या, सुप्त विषाणूंचे पुन्हा जागे होणे अशी कारणे पुढे आली आहेत. बहुधा सर्वांचे कारण एक नसावे. स्त्रियांत आणि तीव्र आजार झालेल्यांत प्रमाण अधिक, लस घेतलेल्यांत कमी आढळते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात पसरलेली काळी बुरशी ही कोविडनंतरची गुंतागुंत खरी, पण ती यात मोडत नाही; तिचा संबंध मुख्यतः मधुमेह आणि स्टिरॉइडशी होता.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांत ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी घेऊन येणारा बहुअवयवी दाह हा तातडीने रुग्णालयात नेण्याचा आजार. दीर्घ कोविड त्याहून वेगळा आणि संथ. लहान मूल ‘थकवा आलाय’ असे म्हणत नाही. त्याचे पोट दुखते, डोके दुखते, झोप मोडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि खापर मोबाइलवर फुटते. मोजणीही अवघड. इंग्लंडमध्ये ११ ते १७ वयोगटाच्या एका मोठ्या पाहणीत तीन महिन्यांनी संसर्ग झालेल्यांपैकी ६६.५ टक्के मुलांना काही ना काही लक्षण होते. पण चाचणी नकारात्मक आलेल्यांतही ते ५३.३ टक्क्यांना होते. बंद शाळा आणि घरातली कोंडी यांचा वाटा त्यात असणार. तरी तीन किंवा अधिक लक्षणे एकत्र असण्याचे प्रमाण ३०.३ विरुद्ध १६.२ टक्के होते. हा फरक झटकून टाकता येत नाही.

हमखास औषध नाही. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्येच कोविडोत्तर काळजीची सूचनावली काढली. तीत श्वसनाच्या व्यायामाबरोबर हळदीचे दूध आणि च्यवनप्राशही होते. उपचार लक्षणांनुसार होतात आणि दिवसाची कामे ताकदीच्या मापाने तोडून, मध्ये विश्रांती घेत करायला शिकवतात. वासासाठीचा सराव तर स्वयंपाकघरातच जमतो : लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, प्रत्येकी वीसेक सेकंद, तो वास आठवत हुंगायचे, दिवसातून दोनदा, निदान तीन महिने.