हात लावायचा की नाही: खेळायच्या शिल्पांची पार्श्वभूमी

शिकागोत १९६७ पासून एक ५० फुटी पोलादी शिल्प उभं आहे. ही बाई आहे, पक्षी आहे की कुत्रा, यावरून तेव्हा शहरभर टिंगल झाली. त्याचा पाया उतरता आहे आणि पोरं त्यावरून खुशाल घसरतात. घसरगुंडी म्हणून कोणी बनवलेला नव्हता तो, पण उतार दिसला की पोरं काही विचारायला थांबत नाहीत.

शिल्पाला पोरांना हात लावू द्यायचा, त्यावर चढू द्यायचं की नाही, हाच तो वाद. त्यात फार जुनं सांगण्यासारखं थोडंच आहे. फ्लोरेन्सचं ब्राँझचं रानडुक्कर सतराव्या शतकातलं, नाक चोळलं की नशीब उघडतं म्हणे, त्यामुळे नाक तेवढं सोन्यासारखं चकाकतं आणि बाकी अंग काळपट. आज बाजारात उभी आहे ती नक्कल, मूळ डुक्कर म्युझियममध्ये. पण तो मोठ्यांचा खेळ झाला. मुलांनी चढावं म्हणूनच शिल्प करायचं ही कल्पना विसाव्या शतकातली.

१९३३ मध्ये न्यूयॉर्कला एका शिल्पकाराने अख्खी टेकडीच खेळायला बनवू असा आराखडा मांडला. पायऱ्या, उतार, हिवाळ्यात बर्फावरून घसरायची सोय, आणि झोके-बिके काही नाही. शहराच्या बागा सांभाळणाऱ्या साहेबांनी तो हसून उडवून लावला. पुढे त्याच शिल्पकाराने खेळणी डिझाइन केली, तर ती धोकादायक आहेत असं ऐकवलं गेलं. मग १९४१ मध्ये त्याने काय केलं, तर नुसत्या मातीच्या उंचसखल जमिनीचं मैदान काढलं, म्हणजे पडायला उंचीच नको. खरं तर आख्ख्या वादाला एवढं चोख उत्तर नंतर कोणी दिलं नाही, पण मध्ये युद्ध आलं आणि तेही कागदावरच राहिलं.

स्टॉकहोमला मात्र १९४९ मध्ये हे प्रत्यक्षात आलं. एका बागेत आकार कशाचा ते सांगता येणार नाही असं एक गुळगुळीत शिल्प बसवलं, त्यातून आरपार जायचं, वर चढायचं, घसरायचं. तिथूनच ‘खेळशिल्प’ हा शब्द गाजला, इंग्रजीत प्ले स्कल्प्चर, आणि पुढचा सगळा घोळ या शब्दाने घातला.

म्हणजे बघा, आधी हा कलाकारांचा शब्द होता, अर्थ साधा, हे शिल्पच आहे, फक्त डोळ्यांऐवजी अंगाने बघायचं. मग एका अमेरिकन खेळणी कंपनीने १९५३ मध्ये आपल्या एका विभागालाच हे नाव दिलं, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या म्युझियमने या कंपनीला सोबत घेऊन खेळशिल्पांची स्पर्धा भरवली, आणि शब्द कॅटलॉगमध्ये गेला. आता ते शिल्प आहे की विकत घ्यायचा माल? त्या वेळी याने फारसं कोणाचं बिघडलं नाही. बिघडलं नंतर, सुरक्षेचे नियम आले तेव्हा. अमेरिकेत मैदानांच्या सुरक्षेची सरकारी पुस्तिका १९८१ मध्ये आली, युरोपचं सामाईक मानक १९९८ मध्ये. आणि हे नियम लागतात खेळाच्या साहित्याला, शिल्पाला नाही! एकदा ‘साहित्य’ म्हटलं की खाली पडलं तर झेपेल अशी मऊ जमीन हवी, पडायची उंची मोजायची, आणि अमेरिकन हिशोबाने साडेतीन ते नऊ इंचांमधली फट कुठे नको, कारण त्यात पोराचं अंग पाय पुढे करून आत सरकतं आणि डोकं अडकतं. मोकळ्या हाताने वळवलेल्या काँक्रीटच्या आकारात अशा फटी असणारच.

उलट ‘शिल्प’ म्हटलं तर यातलं काही लागत नाही, पण मग चढूच द्यायचं नाही, पाटी लावायची, नाहीतर उद्या कोणी पडलं तर उत्तर कोण देणार? चढण्यासाठी म्हणून केलेल्या वस्तूवर चढू नका अशी पाटी लागते ती अशी. माझ्या मते ही पाटी मुलांसाठी नसतेच, ती वकिलासाठी असते (मुलांना तशीही वाचता येत नाही). नियम वाईट नाहीत, डोकं अडकणं ही काही गंमत नाही, पण दोनच कप्पे ठेवल्यामुळे मधली वस्तू मेली.

मधली वस्तू म्हणजे काय ते बघायचं तर जेरुसलेमचा राक्षस. १९७२ चा, काळापांढरा, बेढब, आणि तोंडातून तीन लाल जिभा बाहेर आलेल्या, त्या जिभा म्हणजेच घसरगुंड्या. पोरं मागून आत चढतात आणि राक्षसाच्या जिभेवरून बाहेर येतात. तो होण्याआधी बराच विरोध झाला, मुलं घाबरतील म्हणून. शिल्पकार बाईंचं म्हणणं होतं की भीती असावीच, तिच्याशी खेळूनच ती जाते. मुलं घाबरली नाहीत, उलट ती बागच आज राक्षसाची बाग म्हणून ओळखली जाते.

आता दुसरी बाजू, म्हणजे हाताने खरंच काय होतं. ब्राँझवर मुद्दाम रसायनांनी आणलेला तपकिरी-हिरवा थर असतो, वर मेणाचा लेप. घामातलं मीठ आणि घासणं दोन्ही मिळून आधी मेण जातं, मग रंग, मग उघडा पिवळा धातू दिसतो. न्यूयॉर्कच्या मोठ्या बागेत १९५९ पासून ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या गोष्टीतल्या अ‍ॅलिसचं ब्राँझ शिल्प आहे, मुलांनी चढावं म्हणूनच केलेलं. लहान हात जिथे धरतात आणि बुडं जिथे टेकतात तिथे ते लख्ख झालंय, कडेकपारीत मूळ रंग तसाच. कुठे पाय ठेवून वर जायचं हे कोणी सांगावं लागत नाही, चकाकीच वाट दाखवते. दर वर्षी मेण लावलं की अशा ब्राँझचं बरंच भागतं. रंगवलेलं फायबरग्लास, मोझेक, गंजाचा थर मुद्दाम आणलेलं पोलाद, यांचं तसं नाही, मोझेकचा एक तुकडा निघाला की शेजारचे सुटायला लागतात. त्यामुळे ‘हात लावू द्या’ असं सरसकट म्हणणारे (मीही त्यातलाच) ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

२००० नंतर गाडी बरीच उलटी फिरली. शिकागोतच ते आरशासारखं ११० टनांचं घेवड्याच्या दाण्यासारखं शिल्प २००६ मध्ये पुरं झालं, त्याला हात लावायला कोणी अडवत नाही, फक्त खालचे सहा फूट दिवसातून दोनदा पुसतात. म्हणजे पाटीऐवजी फडक्यावर खर्च. जवळच्याच दोन काचेच्या मनोऱ्यांमधून पाणी उडतं, तिथे उन्हाळ्यात पोरांचा नुसता धुडगूस. लंडनमध्ये २०१५ ला युद्धानंतरच्या काँक्रीट मैदानांचे भाग प्रदर्शनात पुन्हा बनवले, तर ते फोमचे! आकार तोच, पडलं तर लागत नाही. मला ते बघून हसावं की रडावं कळलं नाही.

आणि २०१८ ला कॅन्ससमध्ये, उघड्यावर नाही, एका सार्वजनिक इमारतीच्या लॉबीत, पाच वर्षांच्या मुलाने शिल्पाला मिठी मारली आणि ते पडलं. विमा कंपनीने आईवडिलांकडे १,३२,००० डॉलर मागितले. आईबाप म्हणाले, शिल्प घट्ट बसवलेलंच नव्हतं. त्यानंतर जिकडेतिकडे चर्चा झाली ती मुलाच्या वळणाची, बोल्टची कोणी केली नाही.

१९३३ च्या त्या टेकडीवाल्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. १९७६ मध्ये अटलांटात त्याचं एक मैदान झालं, अमेरिकेत त्याच्या हयातीत झालेलं एवढंच. तो १९८८ मध्ये गेला. जपानमधल्या साप्पोरोत १९९२ पासून त्याची काळ्या ग्रॅनाइटची गोल वळणाची घसरगुंडी आहे, बागेचे दोन तुकडे जोडायला मधला रस्ता बंद करून बसवलेली. पोरांच्या बुडांनी घासूनच ती पुरी होणार असं तो म्हणायचा असं सांगतात, आणि ते काम अजून चालू आहे.