परदेशातील मोटारसायकल प्रवास : सक्तीचे साहित्य व पोलीस तपासणी (फ्रान्स)

मोटारसायकलवरून परदेशात फिरताना चालकाच्या अंगावर, गाडीवर आणि खिशात कायद्याने असावेच लागते असे साहित्य व कागदपत्रे, तसेच रस्त्यावर होणारी त्यांची तपासणी, हा या नोंदीचा विषय आहे. युरोपात प्रत्येक देशाची यादी वेगळी आहे. येथे फ्रान्सचा विचार केला आहे, कारण तिथला कायदा दुचाकीस्वाराच्या हातमोज्यांपर्यंत पोहोचतो.

मूळ तत्त्व

गाडीची बांधणी नोंदणीच्या देशाच्या कायद्यानुसार चालते. चालकाचे वागणे आणि पोशाख मात्र ज्या रस्त्यावर चाक फिरते आहे त्या देशाच्या कायद्यानुसार. म्हणून भारतीय नोंदणीच्या गाडीची नंबरप्लेट फ्रेंच मापाची नसली तरी चालते, पण हेल्मेट आणि हातमोजे फ्रेंच नियमात बसावे लागतात. गाडी फ्रान्समध्येच भाड्याने घेतली असेल तर दोन्ही बाजू फ्रेंच कायद्याखाली येतात. पर्यटकांना होणारे पुष्कळसे दंड हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

हेल्मेट

भारतात सक्तीचा असलेला आयएसआय शिक्का (आयएस ४१५१) युरोपात ग्राह्य नाही. तिथे ईसीई (संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे हेल्मेट-मानक) २२.०५ किंवा २२.०६ लागते. खूण हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेल्या पांढऱ्या चिंधीवर असते: वर्तुळात ‘ई’ आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक (१ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली), खाली ०५ किंवा ०६ ने सुरू होणारा मान्यता क्रमांक. दुकानात आता ०६ मिळते. आधी घेतलेले ०५ वापरायला हरकत नाही. चिंधी टोचते म्हणून काही जण ती कापून टाकतात. तसे कधीही करू नये. हेल्मेट कितीही महागाचे असले तरी पोलिसापुढे मानक दाखवणारा तोच पुरावा असतो.

क्रमांकापुढचे अक्षरही तितकेच महत्त्वाचे. ‘जे’ म्हणजे उघड्या तोंडाचे, ‘पी’ म्हणजे हनुवटीला संरक्षण देणारे. पुढचा भाग वर उचलता येणाऱ्या हेल्मेटवर ‘पी/जे’ असेल तरच ते उघडे ठेवून गाडी चालवता येते. नुसते ‘पी’ असेल तर चालताना बंदच हवे. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, त्यामुळे घाटात उकाड्याने पुढचा भाग वर केला की चूक होते.

फ्रान्सची आणखी एक खास अट आहे: हेल्मेटच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना मिळून चार परावर्तक पट्ट्या, प्रत्येकी किमान १८ चौरस सेंटिमीटर. फ्रान्समध्ये विकलेल्या हेल्मेटच्या खोक्यात त्या मिळतात, बाहेरून आणलेल्या हेल्मेटवर नसतात. परदेशी पाहुण्यावर ही अट कितपत लागू होते यावर वाद घालता येईल, पण तो रस्त्याच्या कडेला घालण्यात अर्थ नाही. पट्ट्या स्वस्त असतात, लावून घ्याव्यात. मान्यतेचे हेल्मेट नसणे किंवा पट्टा न बांधणे याला १३५ युरो दंड आहे.

हातमोजे आणि चमकते जाकीट

२० नोव्हेंबर २०१६ पासून चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही सीई खूण (युरोपीय सुरक्षा नियमांत बसत असल्याची खूण) असलेले हातमोजे सक्तीचे आहेत. दंड ६८ युरो. खूण आतल्या चिंधीवर असते. दुचाकीच्या मोज्यांचे मानक ईएन १३५९४ असून त्यासोबत मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र असते. लोकरीचे, बागकामाचे किंवा साधे चामड्याचे मोजे चालत नाहीत. उन्हाळ्यासाठी जाळीदार पण सीई खुणेचे मोजे मिळतात, तेव्हा उकाड्याची सबब टिकत नाही. मागे बसणाऱ्याच्या मोज्यांचा विसर फार जणांना पडतो.

चमकते जाकीट १ जानेवारी २०१६ पासून जवळ बाळगावे लागते. चालवताना घालण्याची सक्ती नाही. मात्र गाडी बंद पडून रस्त्यावर किंवा कडेला थांबावे लागले तर ते घातल्याशिवाय उतरून वावरता येत नाही. जवळ नसल्यास ११ युरो, अशा वेळी न घातल्यास १३५. म्हणून ते सामानाच्या तळाशी न ठेवता सीटखाली किंवा टाकीवरच्या पिशवीत ठेवावे.

श्वासातील मद्य मोजण्याची नळी बाळगण्याचा नियम २०१२ मध्ये आला आणि २०२० मध्ये रद्द झाला. जुन्या याद्यांत ती अजून सापडते. विकत घेण्याची गरज नाही.

कागदपत्रे

आंतरराष्ट्रीय चालक परवाना (आयडीपी) आरटीओकडून नमुना ४ए भरून मिळतो. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, जे आधी येईल ते. हातात पडताच त्यावर ‘ए’ हा मोटारसायकलचा वर्ग नोंदला आहे का ते पाहावे. नुसता ‘बी’ म्हणजे फक्त मोटारगाडी. मूळ लायसन्सवर गिअरच्या दुचाकीची नोंद असूनही आयडीपीवर ती सुटली, तर गाडी भाड्याने देणारा नकार देऊ शकतो आणि अपघातानंतर विमाही अडचणीत येतो. आयडीपी हा भाषांतरासारखा कागद आहे. मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही.

डिजिलॉकरमधील प्रती भारतात मूळ कागदाइतक्याच वैध असल्या तरी फ्रेंच पोलिसांना त्या बांधील नाहीत. कार्ड आणि कागदच लागतात. भाड्याच्या गाडीसाठी नोंदणीपत्र (‘कार्त ग्रीझ’) आणि भाडेकरार हवा. फ्रेंच गाड्यांचा विमा १ एप्रिल २०२४ पासून संगणकीय नोंदीवरून तपासला जातो. भारतातून स्वतःची गाडी नेणाऱ्याला मूळ आरसी, ‘आयएनडी’ (भारताची ओळख सांगणारी) अक्षरांची लंबगोल पाटी आणि वेगळा सीमा-विमा (युरोपात प्रवेश करताना घ्यायचा तात्पुरता वाहन-विमा) लागतो, कारण भारत युरोपच्या ग्रीन कार्ड विमा व्यवस्थेत (एका देशाचा वाहन-विमा दुसऱ्या देशात मानण्याच्या व्यवस्थेत) नाही.

तपासणी

गावाबाहेर बहुधा जाँदार्म (लष्करी दलातील पोलीस), शहरात राष्ट्रीय पोलीस अडवतात. सीमाशुल्क खात्याचे लोकही गाडी थांबवून सामान उघडायला लावू शकतात. इशारा झाला की उजवीकडे सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे, हेल्मेट काढावे आणि ‘बोंजूर’ म्हणावे. फ्रान्समध्ये अभिवादनाशिवाय बोलणे सुरू करणे उद्धटपणाचे मानतात. हात खिशात घालण्याआधी कागद कुठे आहेत ते सांगावे. श्वासचाचणी कारण न देताही घेता येते. मर्यादा लिटर रक्तात ०.५ ग्रॅम आहे. भारतातील ०.३ पेक्षा ती सैल असली तरी घाटातल्या वळणांवर तिचा फायदा घेऊ नये.

दंड झाल्यास १३५ युरोचा दंड लगेच भरला तर ९० होतो, ६८ चा ४५. वेळेत न भरल्यास अनुक्रमे ३७५ आणि १८०. भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे. नंतर हरकत घेता येत नाही. दंड मान्य नसेल तर रक्कम अनामत म्हणून भरावी, म्हणजे हरकतीचा हक्क राहतो. फ्रान्समध्ये पत्ता नसलेल्या चालकाने दोन्हींपैकी काहीच केले नाही तर गाडी अडकवून ठेवता येते, म्हणून चालणारे कार्ड किंवा थोडे रोख युरो जवळ हवेत. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कॅमेऱ्यात टिपलेल्या वेगाची नोटीस भाड्याच्या कंपनीकडे जाते; कंपनी चालकाचे नाव कळवते आणि बहुधा त्याचे शुल्क वेगळे लावते.

कानात घालायचे इअरफोन १ जुलै २०१५ पासून बंद आहेत (१३५ युरो). हेल्मेटच्या अस्तरात बसवलेले स्पीकर चालतात. वेग-कॅमेरा ओळखणारे यंत्र मात्र बंद करून पिशवीत ठेवले असले तरी गुन्हा आहे: १,५०० युरोपर्यंत दंड आणि यंत्र जप्त.

शेजारी देश

ऑस्ट्रियात दुचाकीवरही धूळबंद डब्यातील प्रथमोपचार साहित्य लागते. जर्मनीत दुचाकीला त्यातून सूट आहे. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर मोटारसायकललाही पथकराचे स्टिकर किंवा त्याची डिजिटल नोंद हवी. स्विस स्टिकर ४० फ्रँकचे. नसल्यास २०० फ्रँक दंड, वर स्टिकरची किंमत. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील रॉयटे जिल्ह्याच्या काही रस्त्यांवर २०२० पासून मोसमात ९५ डेसिबलपेक्षा जास्त स्थिर आवाज (गाडी उभी असताना मोजलेला) नोंदलेल्या गाड्यांना बंदी घातली जाते. तिथे पोलीस नोंदणीपत्रावरचा आकडा पाहतात, त्यामुळे सायलेन्सर बदलून गाडी शांत केली तरी ती बंदीतून सुटत नाही.